ट्रान्समीटरच्या आतल्या झिजलेल्या वायरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात रेडिओवर उडवायची मॉडेल विमानं भिंतीवर टांगलेली असतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर हेच ट्रान्समीटर (विमान चालवायचा हातातला रिमोट) उघडायचे महिने, आणि प्रश्नही याच काळात येतात. नवशिक्यांच्या हातात बहुधा फ्लायस्काय एफएस-आय६ असतो, थोड्या सरावलेल्यांकडे रेडिओमास्टर किंवा फ्रस्काय, आणि कुणाकडे तरी काकांनी दिलेला ७२ मेगाहर्ट्‌झचा जुना सेट. खालची उत्तरं या सगळ्यांना लागू होतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. बंद डब्यातली वायर झिजते कशी? तिला आत कोण घासतं?

घासण्यापेक्षा वाकण्याने ती जास्त मरते. स्टिकच्या खाली जी चौकट असते तिला आपण गिंबल म्हणतो. बहुतेक गिंबलांमध्ये एक पॉट (पोटेन्शिओमीटर, स्टिकची जागा ओळखणारा फिरता रोध) स्थिर चौकटीवर असतो आणि दुसरा आतल्या हलत्या कड्यावर. हलत्या पॉटच्या तीन वायरी स्टिकच्या प्रत्येक हालचालीबरोबर वाकतात. वायरीच्या आत तांब्याचे केसासारखे धागे असतात. ते एकेक करून तुटत जातात, पण वरचं आवरण मात्र जसंच्या तसं दिसतं.

तुटण्याची आवडती जागा म्हणजे सोल्डरच्या अगदी शेजारचे दोन-तीन मिलिमीटर. सोल्डर करताना वितळलेलं कथील धाग्यांमधून आवरणाच्या आत चढतं आणि तेवढा तुकडा सळईसारखा ताठ होतो. ताठ भाग जिथे संपतो आणि मऊ भाग सुरू होतो, तिथेच सगळा वाक येतो. हे एकदा लक्षात आलं की पुढची अर्धी उत्तरं आपोआप समजतात.

२. कोणती लक्षणं दिसली की ट्रान्समीटर उघडायचा?

स्टिक न हलवता एखादा सर्वो (विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर) मध्येच थरथरतो. ट्रिम (मध्याची बारीक दुरुस्ती) परत परत द्यावा लागतो. ट्रान्समीटर हातात जरा तिरका केला की बंद होऊन सुरू होतो. पल्ला पूर्वीपेक्षा कमी वाटतो. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी विमान उडवू नका.

हे मी स्वतः पाळलं नव्हतं. उतरताना शेवटच्या क्षणी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं नियंत्रण) ओढला की माझ्या ट्रेनरचा, म्हणजे शिकाऊ विमानाचा, डावा पंख किंचित खाली जायचा. दोनदा मी वाऱ्याला दोष दिला. तिसऱ्यांदा पंखाचं टोक जमिनीला लागलं आणि विमान गरकन फिरून आडवं झालं. घरी येऊन ट्रान्समीटरवर चॅनेलची स्क्रीन (प्रत्येक नियंत्रणाची वेगळी पट्टी दाखवणारी) लावली तेव्हा कळलं. एलिव्हेटर ओढला की एलरॉनची (पंख कलवणाऱ्या नियंत्रणाची) पट्टी उडी मारत होती. आत एक पिवळी वायर होती, दिसायला नवीकोरी. चिमट्याने हलकेच ओढली तर रबरासारखी ताणली गेली. आत तांबं अखंड असेल तर वायर ताणली जात नाही. उरलं होतं ते नुसतं आवरण.

३. वायर तुटली आहे की पॉट खराब झाला आहे, हे उघडण्याआधी कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. एजटीएक्स किंवा ओपनटीएक्स ही सॉफ्टवेअर असलेल्या ट्रान्समीटरमध्ये अॅनालॉगचे कच्चे आकडे दाखवणारं पान असतं. एफएस-आय६ मध्ये फंक्शन मेनूतल्या डिस्प्ले स्क्रीनवर चॅनेलच्या पट्ट्या दिसतात. दोन चाचण्या करा.

पहिली: संशयित अक्ष एकटाच अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. आकडा दर वेळी एकाच जागी उडत असेल, तर त्या जागी पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा झिजला आहे किंवा तिथे धूळ बसली आहे.

दुसरी: संशयित अक्ष मध्यावर राहू द्या आणि त्याच स्टिकचा दुसरा अक्ष पूर्ण हलवा. अक्ष ब स्थिर असताना अक्ष अ हलवल्याने ब चा आकडा उडत असेल, तर दोष वायरीत आहे. त्या हालचालीत ब चा पॉट फिरतच नाही, वाकते ती फक्त त्याची वायर. दुसऱ्या अक्षाच्या हालचालीत थोडासा फरक काही गिंबलांत निरोगी असतानाही दिसतो. पण तो सावकाश आणि सारखा असतो, झटका देऊन उडी मारत नाही.

४. तीन वायरींपैकी नेमकी कुठली तुटली आहे, ते आकड्यावरून सांगता येईल का?

येतं. पॉटला एका टोकाला पुरवठा मिळतो (साधारण ३.३ व्होल्ट), दुसऱ्या टोकाला ग्राउंड असतं आणि मधला पाय स्टिकची जागा सांगतो. ग्राउंड सुटलं तर मधला पाय पूर्ण पुरवठ्याला जातो आणि आकडा एका टोकाला चिकटतो. पुरवठा सुटला तर आकडा विरुद्ध टोकाला चिकटतो. दोन्ही बाबतींत स्टिक हलवूनही तो जागचा हलत नाही. मधली वायर सुटली तर आकड्याला धनीच उरत नाही. तो भटकतो, हात जवळ नेला तरी बदलतो, कधी शेजारच्या चॅनेलची नक्कल करतो.

५. उघडण्याआधी काय तयारी करावी?

बॅटरी काढा. मॉडेलचीही बॅटरी काढून ठेवा, कारण कामाच्या मध्येच “जरा बघू” म्हणून दोन्ही सुरू करायचा मोह होतो आणि तेव्हा प्रॉपेलर फिरला तर बोटं जातात. स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवा, एका खळग्यात एका बाजूचे. त्यांची लांबी वेगवेगळी असू शकते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पुढच्या बाजूने प्लास्टिक फोडून बाहेर येतो.

मागची बाजू झटक्यात ओढू नका. बॅटरीच्या खणाच्या वायरी, आणि कधी ट्रेनर पोर्टच्याही (शिकवताना दुसरा ट्रान्समीटर जोडायची जागा), तिलाच जोडलेल्या असतात. पुस्तक उघडतो तशी ती एका बाजूला उलटवा आणि काहीही सोडवण्याआधी फोटो काढा. एक पूर्ण फोटो आणि प्रत्येक कनेक्टरचा एकेक जवळून. वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवू नका, एकाच ट्रान्समीटरच्या दोन गिंबलांत रंगांचा क्रम वेगळा असू शकतो.

वॉरंटी चालू असेल तर मात्र उघडूच नका, विक्रेत्याकडे द्या.

६. आत काय काय बघायचं?

टॉर्च तिरका धरा आणि घाई करू नका. दोन्ही स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन हलत्या वायरी कुठे ताणल्या जातात, कुठे स्प्रिंगला किंवा धातूच्या पट्टीला घासतात ते बघा. घासलेल्या जागी आवरण चकचकीत दिसतं. मग स्क्रूंचे खांब बघा, कारण मागच्या वेळी बंद करताना वायर खांबाखाली चिरडली गेली असेल तर तिथे चपटा व्रण असतो. कनेक्टर अर्धवट वर आलेत का ते बघा. बॅटरीच्या खणाकडे जाणाऱ्या वायरींवर हिरवट किंवा पांढरी पूड आहे का, तेही बघा (असेल तर प्रश्न १२). शेवटी अँटेनाची वायर, विशेषतः अँटेना जिथे दुमडते तिथे.

कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी स्विचच्या पायांकडेही लक्ष द्यावं. खारट हवेत ते लवकर काळे पडतात.

७. मल्टीमीटर बीप देतो, म्हणजे वायर ठीक आहे ना?

नाही. एकच धागा शिल्लक असला तरी बीप येते. बीपच्या चाचणीत पूर्ण तुटलेली वायर सापडते, तुटायला आलेली सापडत नाही.

त्याऐवजी गिंबलचा कनेक्टर बोर्डातून काढा आणि त्याच्या बाहेरच्या दोन वायरींमधला रोध मोजा. पॉट ५ किंवा १० किलोओहमचा असेल तर साधारण तेवढाच आकडा येईल आणि स्टिक हलवल्यावर तो बदलायला नको. बदलला किंवा मध्येच अनंत दिसला तर वायर गेली. नंतर मधली वायर आणि एक बाजू यांमध्ये मोजत दुसरा अक्ष हलवा. घरात जुना काट्याचा मीटर असेल तर तोच वापरा. डिजिटल मीटर जी क्षणभराची तुटक चुकवतो ती काट्याच्या झटक्यात दिसते. आणि चिमट्याने हलकं ओढून बघायची चाचणी (प्रश्न २) कधीच विसरू नका.

८. नवी वायर कोणती आणावी? जाड घेतली तर जास्त टिकेल का?

उलट. जाड वायर ताठ असते आणि लवकर तुटते. ३.३ व्होल्टवर ५ किलोओहमच्या पॉटमधून एक मिलिअँपिअरही प्रवाह जात नाही, ०.६६ च जातो. तेव्हा जाडीचा काहीच उपयोग नाही, लवचीकपणा हवा. सिलिकॉनचं आवरण असलेली ३० किंवा २८ गेजची वायर घ्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक). ३० गेजच्या सिलिकॉन वायरीत साधारण ०.०८ मिलिमीटरचे ११ धागे असतात, २८ गेजमध्ये १६. बोटाला गुंडाळून सोडली तर ती दोऱ्यासारखी पडली पाहिजे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ ती मीटरवर मिळते. निदान तीन रंग घ्या. टेलिफोनच्या किंवा नेटवर्क केबलमधल्या एकसंध तारेच्या वायरी गिंबलमध्ये अजिबात घालू नका, काही दिवसांत तुटतील.

९. दादा, तुटलेल्या जागी जोड देऊन टेप लावली तर चालेल का?

हलत्या भागात नाही. सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलं जातं आणि माझं उत्तर कधीच बदललेलं नाही. जोड म्हणजे सोल्डरचा ताठ तुकडा. तो वाकणाऱ्या भागात आला की त्याच्या दोन्ही बाजूंना तुटायच्या दोन नव्या जागा तयार होतात. पूर्वी एकच होती. टेपचं म्हणाल तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या ट्रान्समीटरमधली साधी टेप चिकट रस सोडते आणि निसटून गिंबलमध्ये जाते.

योग्य दुरुस्ती म्हणजे पॉटपासून कनेक्टरपर्यंत पूर्ण वायर बदलणं. कनेक्टरला नवी पिन दाबायचं साधन नसेल, तर जोड कनेक्टरजवळच्या स्थिर भागात द्या, जिथे वायर बोर्डाला किंवा चौकटीला बांधलेली असते. तिन्ही वायरींचे जोड एकाच रेषेत न घेता पुढे-मागे घ्या आणि प्रत्येकावर वेगळी हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा. स्लीव्ह आधी वायरीत ओवायची असते. हे लिहायची गरज नसावी, पण प्रत्येक जण एकदा तरी विसरतो.

एक वायर तुटली असेल तरी तिन्ही बदला. तिघींनी सारखेच वाक सोसलेले असतात.

१०. पॉटच्या पायाला सोल्डर करताना प्लास्टिक वितळण्याची भीती वाटते. काय करू?

भीती योग्य आहे. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० अंशांवर ठेवा आणि एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. ६३/३७ चं शिसंयुक्त कथील १८३ अंशांना वितळतं आणि नवशिक्याला सोपं जातं. रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) वापरा. नळाच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट नको, ती मागे राहून तांबं खाते.

वायरीचं टोक दीड-दोन मिलिमीटरच सोला आणि त्याला आधी थोडंसंच कथील लावा. पायावरही लावा. मग दोन्ही टेकवून क्षणभर उष्णता द्या. जितकं कमी कथील आणि जितका कमी वेळ, तितका आत चढणारा ताठ भाग छोटा. एका पायाचं काम झालं की तो थंड होऊ द्या, मगच पुढचा.

कारखान्यात लावलेला हॉट ग्लू आड येत असेल तर उपटू नका, पॅडही निघून येतं. ग्लूच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा आणि मिनिटभर थांबा. तो सालीसारखा सुटतो.

११. वायर किती सैल ठेवायची?

इतकी की स्टिक चारही कोपऱ्यांत नेली तरी ती ताणली जाणार नाही, आणि इतकीच की ती स्प्रिंगमध्ये अडकणार नाही. फोटोतल्या मूळ वायरीच्या वळणाचीच नक्कल करा. वायर पॉटपासून थेट वर न नेता एक मोकळं, गोलसर वळण द्या, म्हणजे वाक एका बिंदूवर न येता सगळ्या वळणात वाटला जातो.

सोल्डरपासून पाच-सहा मिलिमीटरवर वायर पॉटच्या अंगालाच मऊ सिलिकॉन गोंदाने किंवा स्लीव्हने धरून ठेवा. त्यामुळे ताठ भाग हलतच नाही. फेविक्विकसारखा गोंद इथे घातक आहे. तो धाग्यांमध्ये झिरपतो आणि मऊ वायर काडीसारखी करतो.

१२. बॅटरीची काळी वायर आतूनही काळी पडली आहे आणि तिला सोल्डर धरत नाही. असं का?

निकेल-कॅडमियम किंवा अल्कलाइन सेल गळले की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. ते बहुधा ऋण बाजूच्या वायरीतून, आवरणाच्या आतल्या आत पुढे सरकतं आणि तांबं काळं करतं. खरवडून उपयोग नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जा. बोर्डापर्यंत काळंच निघालं तर पूर्ण वायर बदला. या वायरीतून खरा प्रवाह जातो, म्हणून इथे २४ किंवा २२ गेज घ्या. सेलच्या खणातल्या स्प्रिंगवर पांढरी पूड असेल तर कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावा, फसफसणं थांबलं की पुसा आणि मग आयसोप्रोपिलने साफ करा.

बाहेरून काही दिसत नाही पण ट्रान्समीटर मधूनच बंद पडतो, अशा वेळी तो सुरू ठेवून बॅटरीवरचा आणि बोर्डावरचा व्होल्टेज मोजा. दोन्हींत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधला एखादा सांधा, वायर किंवा स्विच प्रवाह अडवतो आहे. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये व्होल्टेजची एवढी घटही महागात पडते. एफएस-आय६ ची धोक्याची सूचना ४.२ व्होल्टलाच येते.

१३. लिथियम बॅटरी असेल तर वेगळी काय काळजी?

बॅटरीच्या वायरी कधीही दोन्ही एकदम कापू नका. पक्कडीचं पातं दोन्हींना जोडतं आणि ठिणगी उडते. एक कापा, टोक झाका, मग दुसरी. कनेक्टर बदलतानाही एका वेळी एकच वायर उघडी राहू द्या.

१४. अँटेनाची वायर सालटली आहे. ती जोडता येईल का?

नाही. ती साधी वायर नसून ५० ओहमची कोॲक्सिअल केबल असते. मध्ये तार आणि भोवती जाळी यांच्यातलं अंतर बिघडलं की ऊर्जा परत फिरते आणि पल्ला घटतो. पूर्ण अँटेना बदला. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर १२.५ सेंटिमीटरची असते. साध्या अँटेनाच्या टोकाला जाळीविना राहणारा भाग तिच्या पाव, म्हणजे साधारण ३१ मिलिमीटरचा असतो. तो कापूही नका आणि वाढवूही नका.

बोर्डावरचा चिमुकला गोल कनेक्टर सरळ वर उचला, केबल धरून ओढू नका. तो साधारण तीस वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो, म्हणून उगाच काढू नका. आणि अँटेना जोडल्याशिवाय ट्रान्समीटर सुरू करू नका. परत फिरलेली ऊर्जा शेवटच्या अॅम्प्लिफायरला जाळू शकते.

मल्टीमीटरने अँटेना “पास” होत नाही. तिची खरी परीक्षा प्रश्न १८ मध्ये आहे.

१५. माझे गिंबल हॉल सेन्सरचे (पॉटऐवजी चुंबकाने स्टिकची जागा ओळखणारे) आहेत. मग वायरीचा प्रश्नच नाही ना?

झिजणारा कार्बनचा पट्टा नाही, एवढंच. हलत्या भागावरच्या सेन्सरची वायर तशीच वाकते आणि तशीच तुटते. तपासणीत फरक आहे. प्रश्न ७ मधली रोधाची चाचणी इथे चालत नाही. कनेक्टर जोडलेला ठेवून ग्राउंड आणि सिग्नल यांमधला व्होल्टेज मोजा. स्टिक मध्यावर असताना तो पुरवठ्याच्या साधारण निम्मा असतो आणि सावकाश बदलतो. पुन्हा जोडताना पुरवठा आणि ग्राउंड यांची अदलाबदल झाली तर सेन्सर मरतो, म्हणून दोनदा बघा.

१६. जुन्या ७२ मेगाहर्ट्‌झच्या सेटला हेच लागू का?

गिंबल आणि बॅटरीच्या वायरींना हो, आणि बॅटरीच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्यात वर्षानुवर्षं निकेल-कॅडमियम पॅक पडून असतो. टेलिस्कोपिक अँटेनाच्या बुडाशी असलेला स्क्रू किंवा पट्टी घट्ट आणि स्वच्छ आहे का, तेही बघा. बोर्डावर धातूच्या डबीत रंगीत गाभ्याच्या कॉइल दिसतील. त्यांचे स्क्रू ढिले वाटले तरी फिरवू नका, ती ट्यूनिंग आहे.

१७. दुरुस्तीनंतर स्टिक उलटी चालते. मेनूत रिव्हर्स केलं तर झालं ना?

तात्पुरतं दिसेल तसं, पण करू नका. पॉटच्या बाहेरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत, त्या नीट लावा. नाहीतर थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणाऱ्या) स्टिकच्या बाबतीत सुरू करतानाची सुरक्षा-सूचना उलटी वागेल आणि पुढचं प्रत्येक मॉडेल उलटं बनवावं लागेल.

याहून वाईट चूक म्हणजे मधली वायर बाजूच्या पायाला लागणं. तसं झालं तर स्टिक एका टोकाला नेल्यावर पुरवठा आणि ग्राउंड थेट भिडतात आणि पॉटचा पट्टा जळतो. म्हणून पहिल्यांदा सुरू करण्याआधी कनेक्टरवर मीटर लावून खात्री करा. बाहेरच्या दोन पिनांमधला रोध स्टिक कुठेही नेली तरी तोच राहिला पाहिजे.

वायर बदलताना पॉट थोडा फिरला असेल तर मध्य सरकतो. त्यासाठी ट्रिम वापरू नका, स्टिकचं कॅलिब्रेशन परत करा.

१८. सगळं जुळलं. आता उडवू का?

आधी घरात, प्रॉपेलर काढून. स्क्रीनवर आकडे लावा आणि प्रश्न ३ मधली दुसरी चाचणी दोन्ही स्टिकवर पाच मिनिटं करा. ट्रान्समीटर उलटा करून, हलवून, मागच्या बाजूला बोटांनी ठोकूनही बघा. नंतर फेलसेफ तपासा: ट्रान्समीटर बंद केल्यावर रिसीव्हरने मोटर थांबवली पाहिजे.

मग मैदानावर रेंज चेक. फ्रस्कायच्या रेंज मोडमध्ये पल्ला साधारण तिसाव्या हिश्श्यावर येतो आणि स्पेक्ट्रम कंपनीची सूचना तीस पावलांची आहे, म्हणजे जवळजवळ २८ मीटर. तेवढ्या अंतरावर सोबतीला मॉडेल धरायला उभं करा. तुम्ही स्टिक सतत फिरवत राहा, अँटेनाची दिशा बदला, ती सांध्यातून वाकवा. सोबत्याने फक्त सर्वोंकडे बघायचं आणि एकही थरथर दिसली की हात वर करायचा. ज्या ट्रान्समीटरमध्ये रेंज मोड नाही, त्यात मोटर बंद ठेवून सोबत्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पाठवा.

हात वर झाला तर विमान गाडीत ठेवा, ट्रान्समीटर घरी आणा आणि प्रश्न ६ पासून पुन्हा सुरुवात करा.